लो-जीआय आहार आणि लो-कार्ब आहार

जेवणानंतर रक्तातली साखर फार चढू नये म्हणून रूढ झालेल्या या दोन आहारपद्धती. लो-जीआय आहारात, म्हणजे कमी ग्लायसेमिक इंडेक्स (पदार्थाने रक्तातली साखर किती चढते ते सांगणारा आकडा) असलेल्या पदार्थांच्या आहारात, कर्बोदके खायची असतात, फक्त ती सावकाश पचणारी निवडायची. लो-कार्ब आहारात कर्बोदकांची मात्राच उतरवायची असते. मधुमेह आणि वजन यांच्या चर्चेत दोन्ही नावे जोडीने येतात आणि पुष्कळदा एकाच अर्थाने वापरली जातात, ते बरोबर नाही. रोज भरपूर मसूर, हरभरे आणि सफरचंदे खाणारा माणूस लो-जीआय आहारावर असतो, पण लो-कार्बवर मुळीच नसतो. उलट मांस, अंडी, चीज आणि तेल यांना जीआय देताच येत नाही. त्यांत कर्बोदके इतकी थोडी असतात की मोजायला काही उरत नाही. लो-कार्ब ताटातले बरेचसे पदार्थ त्यामुळे जीआयच्या तक्त्यात सापडतच नाहीत.

जीआयची कल्पना टोरंटो विद्यापीठातील डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली. त्यांनी ६२ पदार्थ प्रत्यक्ष माणसांना खायला देऊन तपासले. तोवर साखर लवकर भिनते आणि पिठूळ पदार्थ सावकाश, असेच सर्रास धरून चालत. मोजमापाने ते खोटे ठरवले. पांढरा पाव आणि उकडलेला बटाटा यांचा जीआय आजच्या तक्त्यांत ७५ च्या आसपास आहे, तर नेहमीच्या साखरेचा ६५ च्या आसपास.

हा आकडा निघतो कसा, हे नीट पाहण्यासारखे आहे, कारण त्याचे बळ आणि मर्यादा दोन्ही त्या पद्धतीतच आहेत. साधारण दहा निरोगी माणसे रात्रभराच्या उपवासानंतर सकाळी येतात. प्रत्येकाला तपासायच्या पदार्थाचा असा वाटा देतात, की त्यात पचणारी कर्बोदके बरोबर ५० ग्रॅम भरावीत. मग दोन तास ठरावीक अंतराने बोटातून रक्त घेऊन साखर मोजतात आणि तिचा आलेख काढतात. उपाशीपोटीच्या पातळीच्या वरचे, आलेखाखालचे क्षेत्रफळ काढायचे. त्याच माणसांना दुसऱ्या दिवशी ५० ग्रॅम ग्लुकोज पाजून तसेच क्षेत्रफळ काढायचे. ग्लुकोजचे १०० धरले तर पदार्थाचे किती, तो त्याचा जीआय. ५५ पर्यंत कमी, ५६ ते ६९ मध्यम, ७० आणि वर जास्त. २०१० पासून या मोजणीला आंतरराष्ट्रीय मानकही आहे.

आता गाजर घ्या. १९८१ च्या यादीत गाजराचा जीआय ९२ होता आणि त्या आकड्यामुळे कित्येकांनी गाजर खाणे सोडले. नंतरच्या मोजण्यांत तो ४० च्या आसपास आला. पण आकडा ९२ खरा असता तरी गाजर सोडायचे कारण नव्हतेच: पचणारी ५० ग्रॅम कर्बोदके मिळवायला अर्ध्या किलोहून बरीच जास्त गाजरे एका बैठकीत खावी लागतील. जीआय वेग सांगतो, ताटात किती पडले ते सांगत नाही. ही त्रुटी भरून काढायला १९९७ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ग्लायसेमिक लोड वापरात आणला. जीआयला वाट्यातल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून १०० ने भागायचे. १० पर्यंत कमी, २० आणि वर जास्त. कलिंगडाचा जीआय सत्तरीच्या पुढे असूनही एका वाट्याचा लोड ५ च्या आतबाहेर येतो. या दोन आहारपद्धतींना जोडणारा पूल कुठे असेल तर तो इथे आहे. लोड दोन्ही बाजूंनी उतरतो, सावकाश पचणारे खाल्ले तरी आणि कमी खाल्ले तरी.

पदार्थ सावकाश का पचतो, याची कारणे त्याच्या घडणीत आहेत. स्टार्चमध्ये अमायलोज जास्त असेल तर पाचक विकरांना (एन्झाइमांना) ते तोडायला वेळ लागतो, अमायलोपेक्टिन जास्त असेल तर ते पटकन तुटते. तांदळाच्या दोन जातींच्या जीआयमध्ये मोठा फरक पडतो तो मुख्यतः यामुळे. धान्य अखंड आहे की बारीक दळलेले, किती शिजवले, शिजवून गार केले का, सोबत आंबट किंवा तेलकट काही आहे का, चिकट तंतू किती आहेत, यांनीही आकडा हलतो. कडधान्यांचा जीआय बहुधा ३० च्या आसपास राहतो आणि त्यांचा परिणाम पुढच्या जेवणापर्यंत टिकतो: सकाळी मसूर खाल्ली तर दुपारच्या जेवणानंतरची साखरही कमी चढते. मात्र कमी जीआय म्हणजे चांगला पदार्थ, हे समीकरण धरू नये. फ्रुक्टोजचा जीआय २० च्या आसपास आहे, कारण ते रक्तातले ग्लुकोज फारसे वाढवत नाही, बहुतांशी यकृतातच हाताळले जाते. त्याचा अतिरेक यकृतातली चरबी वाढवतो, आणि जीआयच्या आकड्यात याचा मागमूसही नसतो.

लो-कार्बचा इतिहास जुना आहे. विल्यम बँटिंग या लंडनच्या व्यावसायिकाने डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे सोडून वजन उतरवले आणि १८६३ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. १९२१ मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी (फेफऱ्यासाठी) किटोजेनिक आहार सुचवला. सर्वसामान्यांत ही पद्धत पसरली ती १९७२ नंतर, रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांच्यामुळे. किती कमी म्हणजे लो-कार्ब, यावर एकमत नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत ही बरीच मान्य झालेली सीमा आहे, २० ते ५० ग्रॅमवर आले की किटोजेनिक म्हणतात. तिथे इन्शुलिन उतरते, साठवलेली चरबी मोकळी होते, यकृत तिच्यापासून किटोन तयार करते आणि मेंदूही ते इंधन म्हणून वापरू लागतो. रक्तातले ग्लुकोज संपत नाही, ते यकृत स्वतः बनवते. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने घटलेले दिसते, त्यातला मोठा भाग पाणी असतो, कारण ग्लायकोजेनच्या, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या कर्बोदकाच्या, प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते.

दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवणारे प्रयोग थोडेच आहेत. एरिक वेस्टमन यांच्या गटाने २००८ मध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या ८४ लठ्ठ व्यक्तींना दोन गटांत वाटले. एका गटाला दिवसाला २० ग्रॅमहून कमी कर्बोदके, दुसऱ्याला कमी उष्मांकांचा लो-जीआय आहार. २४ आठवड्यांत पहिल्या गटाचे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा) दीड टक्क्याने आणि वजन ११.१ किलोने उतरले, दुसऱ्याचे अर्ध्या टक्क्याने आणि ६.९ किलोने. औषधे कमी किंवा बंद झाली ती पहिल्या गटात ९५ टक्के, दुसऱ्यात ६२ टक्के लोकांची. निकाल स्पष्ट आहे, पण शेवटपर्यंत टिकले फक्त ४९ जण, हे त्याच दमात सांगायला हवे. लो-जीआय गटालाही फायदा झालाच. जेन्किन्स यांनी त्याच वर्षी २१० मधुमेहींवर केलेल्या सहा महिन्यांच्या चाचणीत लो-जीआय आहाराने एचबीए१सी जवळपास तितकेच, अर्ध्या टक्क्याने, कमी केले.

२०१४ चा ओम्नीकार्ब प्रयोग मला सगळ्यात बोलका वाटतो. मधुमेह नसलेल्या १६३ जाड व्यक्तींना तयार जेवण पुरवून चार आहार आळीपाळीने पाच-पाच आठवडे दिले. कर्बोदके जास्त किंवा कमी, आणि प्रत्येकात जीआय जास्त किंवा कमी. कर्बोदके कमी केली की ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, घटली. जीआय कमी केल्याने मात्र विशेष काही हाती लागले नाही. भरपूर कर्बोदकांच्या आहारात तर जीआय कमी केल्यावर इन्शुलिनची परिणामकारकता २० टक्क्यांनी घटली. मूळ आहारच, या प्रयोगातल्यासारखा, भाज्या, फळे, अखंड धान्ये यांचा असेल तर त्यात आणखी जीआय निवडत बसण्याने फारसा लाभ होत नाही, असे यातून दिसते. हेही लक्षात ठेवावे की इथल्या कमी कर्बोदकांच्या आहारातही ४० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येत होती, रूढ अर्थाने लो-कार्ब नव्हे.

वजनाच्या बाबतीत दोन्हींचे दावे फुगवले जातात. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ६०९ जणांच्या चाचणीत वर्षभरानंतर कमी चरबीच्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि लो-कार्ब गटाचे ६ किलो उतरले. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या नगण्य होता. दोन्ही गटांना साखर, मैदा टाळून भाज्या वाढवायला सांगितले होते, आणि एकाच गटातल्या माणसामाणसांतला फरक दोन गटांमधल्या फरकाहून कितीतरी मोठा निघाला. रक्तशर्करेचेही तसेच. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०१५ मध्ये ८०० जणांना ग्लुकोज सेन्सर लावून पाहिले, तेव्हा एकाच जेवणाने कुणाची साखर उसळली, तर कुणाची जेमतेम हलली. तक्त्यातला जीआय ही सरासरी आहे, तुमच्या शरीराचा आकडा नव्हे.

टाइप २ मधुमेहात साखर खाली आणायची असेल तर कर्बोदकांची मात्रा हा अधिक जोरकस उपाय आहे. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालानेही रक्तशर्करेसाठी सर्वाधिक पुरावा कर्बोदके कमी करण्याच्या बाजूने असल्याचे नोंदवले. पण कर्बोदकांच्या जागी काय येते, याला तितकेच महत्त्व आहे. काहींचे एलडीएल, म्हणजे हृदयाला घातक समजले जाणारे, कोलेस्टेरॉल किटोजेनिक आहारावर बरेच चढते, तंतू घटले की बद्धकोष्ठ होते, आणि वर्षानुवर्षे हा आहार चालवणारे थोडे असतात. लो-जीआय आहार पाळायला सोपा आहे, त्यात कडधान्ये आणि फळे राहतात. दोन्ही एकत्रही येतात: २००५ पासून अपस्माराच्या रुग्णांसाठी वापरात आलेल्या उपचारात दिवसाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदके असतात आणि तीही ५० हून कमी जीआयचीच.

कर्बोदके एकदम कमी करण्याआधी औषधांचा विचार आधी व्हावा लागतो. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीरातले इन्शुलिन वाढवणाऱ्या) गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिल्या, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. एसजीएलटी२ गटातली (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी) औषधे घेणाऱ्यांना रक्तात किटोन घातक प्रमाणात साचण्याचा त्रास, म्हणजे किटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो, आणि तेव्हा ग्लुकोमीटरवरचा आकडा जवळपास नेहमीसारखाच असू शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी किंवा धाप ही लक्षणे दिसली तर साखर ठीक आहे म्हणून थांबू नये, रक्तातले किटोन लगेच तपासून घ्यावेत.