स्टोरेज नेटवर्क १० जीवरून २५ जीवर न्यायचंय? एकदम नका, एक-एक बाजू घ्या

सध्या बरेच ग्राहक आम्हाला एकच गोष्ट विचारून राहिले, की नवीन स्टोरेज घेतलं, एनव्हीएमई (म्हणजे खूप वेगवान एसएसडी) डिस्क टाकल्या, तरी बॅकअपला रात्र पुरत नाही, असं का? बहुतेक वेळा अडचण मधल्या रस्त्यात असते. १० जी म्हणजे १० गिगाबिटच्या एका लिंकमधून सेकंदाला सव्वा जीबीच्या वर काही जाऊच शकत नाही, आणि चांगली एनव्हीएमई डिस्क एकटीच ३ जीबी वाचून देते, म्हणजे डिस्क मोकळी बसलेली अन् केबल तुडुंब.

पण म्हणून सगळं एका रविवारी काढून फेकायची गरज नाही. आधी फक्त स्विच बदला. २५ जीच्या स्विचमध्ये तुमचे जुने १० जीचे मॉड्यूल (केबलच्या टोकाला पोर्टमध्ये घालायचे तुकडे) बसतात, खाच तीच आहे, फक्त पोर्टचा स्पीड हातानं १० वर सेट करावा लागतो, आणि बऱ्याच स्विचमध्ये ४-४ पोर्टचा गट एकाच स्पीडवर चालतो, तेव्हा कोणती केबल कुठं लावायची हे आधी कागदावर ठरवूनच घ्या.

तुमच्याकडे आयस्कझी (सर्व्हर नेटवर्कवरून स्टोरेज वापरतो ती पद्धत) दोन वेगळ्या स्विचमधून, म्हणजे ए अन् बी अशा दोन बाजूंनी, येत असेल तर काम दिवसासुद्धा होतं, तरी आम्ही संध्याकाळीच करतो. ए बाजू बंद करायची, सगळे सर्व्हर बी वर नीट चालतात का ते बघायचं, मग ए चा स्विच बदलायचा, आणि ए चे सगळे पाथ (सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतचे रस्ते) परत वर आल्याशिवाय बी ला हात लावायचा नाही. हे आम्ही कोणासाठीही मोडत नाही, कितीही घाई असो. स्विचनंतर स्टोरेजचे पोर्ट, मग सर्व्हरची कार्डं, तीही जशी बजेटमध्ये बसतील तशी. मधल्या काळात एक पाथ २५ चा अन् एक १० चा असला तर स्पीड पूर्ण दिसणार नाही, कारण लोड दोन्हीकडे सारखा वाटला जातो अन् हळू पाथ अडवतो, त्यामुळे घाबरू नका.

बुटीबोरीच्या एका साइटवर नवीन केबल लावली तरी लाइट लागेचना, केबल बदलली, पोर्ट बदलला, दोन तास गेले. शेवटी सापडलं की स्विचवर एफईसी (लिंकवरच्या चुका दुरुस्त करायची सेटिंग) एक अन् कार्डवर दुसरंच. २५ जीवर दोन्ही टोकांचं एफईसी जुळलंच पाहिजे, आता आम्ही पहिलं तेच बघतो. जम्बो फ्रेमचंही (डेटाची नेहमीपेक्षा मोठी पाकिटं) तसंच, ९००० बाइट ठेवायचं तर सर्व्हर, स्विच, स्टोरेज तिन्हीकडे ठेवा, आणि फ्रॅगमेंट (तुकडे) न करता ८९७२ चा (बाकीचे २८ बाइट हेडरला जातात) पिंग मारून तपासा, साध्या पिंगवर विश्वास ठेवू नका.

फायबर जुनी असेल तर ती मोजा. ओएम३ (फायबरचा एक प्रकार) वर १० जी ३०० मीटर जायचं, २५ जी फक्त ७० मीटर जातं. एकाच रॅकमध्ये काही प्रश्न नाही, पण दोन मजल्यांमध्ये ओढलेली असेल तर आधी सांगा.

कोटेशन पाहिजे असेल तर रॅकच्या मागच्या बाजूचा फोटो, स्विच अन् कार्डचे मॉडेल नंबर आणि फायबरवर छापलेलं नाव, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.