प्रारूप विकास योजनेवर हरकत-सूचना: कोण, कुठे आणि कशी नोंदवू शकतं?

शहराच्या जुन्या, दाट वस्तीत उरलेलं एखादं मैदान मैदानच राहणार की त्यावर इमारत उभी राहणार, गल्ली किती मीटर रुंद होणार, ओढ्याकाठी बांधकामाला परवानगी मिळणार का, हे सगळं विकास योजनेत, म्हणजे आपण ज्याला 'डीपी' म्हणतो त्यात ठरतं. एकदा मंजूर झालेला डीपी साधारण वीस वर्षं चालतो. म्हणून प्रारूप, म्हणजे योजनेचा कच्चा मसुदा, जाहीर झाल्यावरची हरकती-सूचनांची मुदत वाया घालवू नका.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार महापालिका किंवा नगरपालिका प्रारूप तयार झाल्याची सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत देते. मुदत त्या सूचनेतच छापलेली असते, ती आधी बघून घ्या. नकाशे आणि अहवाल कार्यालयात पाहता येतात, प्रतीही वाजवी किमतीत विकत मिळतात.

हरकत कोण घेऊ शकतं? कोणीही. कायद्यात 'कोणतीही व्यक्ती' असेच शब्द आहेत. जागेची मालकी लागत नाही. भाडेकरू, दुकानदार, त्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांचे पालक, सगळ्यांना हा हक्क आहे. सोसायटी, मंडळ किंवा संस्थाही लिहू शकते. तेव्हा ठरावाची प्रत आणि सही करणाऱ्याला दिलेलं अधिकारपत्र जोडावं.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. ज्याच्या जागेवर आरक्षण पडलंय, म्हणजे डीपीत जी उद्यान, मैदान अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय, तो ते उठवायला हमखास अर्ज करतो, आणि तो त्याचा हक्कच आहे. पण ज्यांना ते उद्यान किंवा मैदान हवंय, ते नकाशात हिरवा रंग बघून निश्चिंत होतात. मग हरकती ऐकणाऱ्या समितीपुढच्या फाइलमध्ये 'आरक्षण वगळा' एवढंच म्हणणारे कागद राहतात. 'आरक्षण कायम ठेवावे' अशी सूचना देणंही तितकंच कायदेशीर आहे. आणि गजबजलेल्या पेठांत, चाळींच्या वस्तीत गेलेली मोकळी जागा पुन्हा मिळत नाही.

आता अर्ज. नकाशा उघडल्यावर आधी आपला भाग कोणत्या शीटवर आहे ते शोधा. मग विद्यमान भूवापर नकाशा (आज कोणती जागा कशासाठी वापरात आहे तो) आणि प्रस्तावित नकाशा शेजारी शेजारी ठेवा. खऱ्या चुका इथेच सापडतात: चालू शाळा निवासी दाखवलेली, विहीर किंवा नाला गायब, वाड्यावरून रस्त्याची रेघ गेलेली. मुंबईत फेब्रुवारी २०१५ च्या प्रारूपात नागरिकांनी अशाच चुका मोठ्या प्रमाणावर दाखवून दिल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारने ते प्रारूप बाजूला ठेवलं आणि सुधारित प्रारूप २०१६ साली आलं. पुण्यात २०१३ च्या प्रारूपावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या होत्या.

एका अर्जात शक्यतो एकच मुद्दा घ्या. शीट क्रमांक, आरक्षण क्रमांक, नगर भूमापन किंवा सर्व्हे क्रमांक, मग हरकत, तिचं कारण आणि नेमकी मागणी. 'आमच्या भागावर अन्याय झाला' असं मोघम लिहिलं तर समितीच्या हाती काही लागत नाही. 'अमुक शीटवरचा १२ मीटर रस्ता सार्वजनिक विहिरीवरून जातो, तो वगळावा' असं लिहिलं की विचार करावाच लागतो.

सोबत भाग नकाशाची प्रत जोडून तिच्यावर जागा लाल पेनाने दाखवा. शिवाय जागेचे फोटो आणि ओळख-पत्त्याचा पुरावा. स्वतःची मिळकत असेल तर मिळकत पत्रिका किंवा सात-बारा उताराही हवा. अर्ज आवक विभागात दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नका. ऑनलाइन भरला तर पोच जपून ठेवा.

अर्जाच्या शेवटी 'मला सुनावणीची संधी मिळावी' हे वाक्य न विसरता लिहा. कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे बोलायचं असेल तर तशी मागणी केलेली बरी. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना किंवा पर्यावरणाचे जाणकार म्हणून नेमलेले जास्तीत जास्त चार जण. सुनावणीला वेळ थोडा मिळतो. त्यामुळे मुद्दा एका पानावर लिहून न्या, नकाशा समोर ठेवा, आणि शेजाऱ्यांनाही अर्ज भरायला लावून सोबत घ्या.

पुढे योजना मंजुरीसाठी राज्य सरकारकडे जाते. सरकारने मोठे बदल सुचवले, तर कलम ३१ नुसार तेवढ्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. पहिल्या फेरीत जिंकलेलं मैदान या टप्प्यावर हातचं जाऊ शकतं, म्हणून ही दुसरी सूचनाही वाचा.

मंजुरीनंतरही कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल होतात. त्यासाठी सूचनेच्या तारखेपासून एक महिन्याची मुदत असते. शिवाय कलम १२७ आहे: दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तुमच्या भागातल्या मैदानासाठी अशी नोटीस आली आहे का आणि पालिकेने पुढे काय केलं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.