खुबा मोडला म्हणजे अंथरूण धरलं, हे कुठून आलं?

कोकणात म्हातारं माणूस न्हाणीत घसरून खुबा मोडला, की घरचे हबकतात. ‘आता अंथरूणच’ असं शेजारपाजारही बोलून जातात. ही भीती उगाच आलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी ती अगदी खरी होती.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचं वरचं टोक: वाटीत बसणारा गोळा, त्याखालची मान, आणि बाहेरून हाताला लागणारा उंचवटा. सांध्याच्या आवरणाच्या आत मोडलेलं हाड आणि बाहेर मोडलेलं हाड वेगळं वागतं, हे लंडनचे शल्यविशारद अ‍ॅस्टली कूपर यांनी 1822 साली स्पष्ट मांडलं. तेव्हा एक्स-रे नव्हता. तो आला 1895 मध्ये. कूपर यांचा हा भेद आजही उपचार ठरवतो. मान आत मोडली, की गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात. हाड जुळत नाही किंवा गोळाच हळूहळू मरतो. उंचवट्यापाशी रक्त भरपूर असतं, त्यामुळे तिथलं हाड जुळतं. पण आधार नसेल तर स्नायू त्याला वर ओढतात आणि पाय आखूडच राहतो.

जुना इलाज म्हणजे पायाला वजन बांधून कित्येक आठवडे उताणं निजवणं. पाठीला जखमा, छातीत न्यूमोनिया, पायात रक्ताची गुठळी. माणूस दगावायचं ते पडून राहिल्यामुळे. हे चित्र पालटलं ते बॉस्टनचे शल्यविशारद स्मिथ-पीटरसन यांच्यामुळे. त्यांनी 1925 साली तीन पात्यांचा खिळा मानेतून ठोकला. 1940 मध्ये अमेरिकेतच ऑस्टिन मूर यांनी हाडाचं वरचं टोक धातूचं बसवलं. पुढे त्यांच्या नावाचा गोळा भारतातल्या सरकारी रुग्णालयांतही वर्षानुवर्षं बसवला गेला.

मोडण्याच्या तऱ्हा ढोबळमानाने दोन. तरुणाचा खुबा मोडायला मोठा जोर लागतो: माडावरून पडणं, दुचाकीचा अपघात. वय झालेल्यांना उभ्या उंचीवरून पडणं पुरतं, कारण हाड आधीच विरळ झालेलं असतं. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झिजतात, हे अमेरिकन डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी 1941 मध्ये दाखवलं. पाश्चात्त्य देशांत असे चारांतले तीन रुग्ण बायकाच असतात. पण म्हणून पुरुषांना मोकळं समजू नये. हरियाणातल्या रोहतकच्या पाहणीत पन्नाशीपुढच्या 1 लाख लोकांमागे वर्षाला सुमारे 129 खुबे मोडले, आणि त्यात बायकांचं प्रमाण जास्त असलं, तरी पुरुषांचंही कमी नव्हतं.

कोकणात पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. जांभा दगड सच्छिद्र, पाणी धरून ठेवतो. आषाढात पाखाडीच्या, म्हणजे चढावरच्या दगडी पायवाटेच्या, पायऱ्यांवर शेवाळ चढतं. न्हाणीची ओली फरशी, उंच उंबरठा, रात्री परसाकडे जाताना अपुरा उजेड. पाखाडीच्या घरातून रस्त्यापर्यंत डोलीनेच आणावं लागतं, आणि वेळ जातो तो इथेच.

पडलेल्याचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला, की खुबाच मोडला असं धरावं. उभं करून पाहू नये, तेल लावून चोळू नये. दोन्ही पायांत उशी घालून पाय एकत्र बांधावे, फळीवरून उचलावं. शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून खायला देऊ नये. एक फसवी गोष्ट: मान मोडून हाडाचे तुकडे एकमेकांत रुतले, तर माणूस लंगडत चालतंही. हाडवैद्याकडे दोन-तीन आठवडे जातात, मग तुकडे सरकतात आणि खिळ्याने भागलं असतं तिथे गोळा बदलावा लागतो.

शस्त्रक्रिया 48 तासांच्या आत व्हावी, आणि शक्यतो दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करावं. बहुतेक घरी इथवर लक्ष असतं, मग टाके निघाले की काम झालं असं वाटतं. पण एक खुबा मोडलेल्याचा दुसरा मोडायचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे हाडांची घनता तपासणं, ड जीवनसत्त्व पाहणं आणि हाड बळकट करणारं औषध सुरू करणं, हे घरी सोडण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.