तळ्यावरचं स्टेडियम

१९ एप्रिल १९८१, ईस्टरच्या रविवारची पहाट. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, पॉटकेट शहराच्या मॅकॉय स्टेडियममध्ये आदल्या रात्री सुरू झालेला बेसबॉलचा सामना संपतच नव्हता. नऊ इनिंग्जचा खेळ ३२ इनिंग्जपर्यंत लांबला होता. थंडी इतकी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पिंपात घालून पेटवल्या. पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी खेळ थांबवला तेव्हा १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला उरलेला सामना झाला आणि एकाच इनिंगमध्ये पॉटकेटनं ३-२ असा जिंकला. व्यावसायिक बेसबॉलच्या इतिहासातला हा सर्वांत लांब सामना.

ते स्टेडियम आता राहिलेलं नाही. २०२५ साली त्याचं पाडकाम सुरू झालं. मला त्याची गोष्ट सांगावीशी वाटते ती सामन्यापेक्षा पाण्यासाठी. जन्मापासून शेवटपर्यंत या वास्तूची झुंज पाण्याशीच होती, आणि शहराच्या मालकीच्या कुठल्याही उघड्या स्टेडियमचं भवितव्य बरंचसं पाणीच ठरवतं.

महापौर थॉमस मॅकॉय यांनी स्टेडियमसाठी निवडलेली जागा म्हणजे हॅमंड पाँड नावाचं दलदलीचं तळं. मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेतून काम झालं, खर्च दहा लाख डॉलरांच्या वर गेला आणि १९४२ साली स्टेडियम खुलं झालं. बांधकामाच्या वेळी ट्रकच्या ट्रक चिखलात गडप झाले, अशी दंतकथा गावात सांगतात. ती खरी असो नसो, तिच्यामागचं भूशास्त्र खरं आहे. दलदलीच्या मातीत कुजलेला पाला आणि त्यात कोंडलेलं पाणीच जास्त असतं. वरून भार आला की ते पाणी हळूहळू बाहेर पिळलं जातं आणि जमीन खचत जाते. या प्रक्रियेचं गणित अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली मांडलं. त्यातला एक निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: थराची जाडी दुप्पट झाली तर खचण्याला लागणारा काळ चौपट होतो. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी ठणठणीत दिसणारी जमीन पुढची कित्येक वर्षं खाली बसत राहू शकते. म्हणून अशा जागी मऊ थर ओलांडून खालच्या घट्ट थरापर्यंत खांब, म्हणजे पाइल, उतरवावे लागतात.

हे झालं जमिनीखालचं पाणी. वरून येणारं पाणी जास्त चिवट असतं.

आपल्या घराच्या फरशीवर छप्पर असतं. स्टेडियमच्या गॅलरीत फरशी हेच छप्पर. वर प्रेक्षक बसतात आणि त्याच स्लॅबखाली खेळाडूंच्या खोल्या, खाण्याचे स्टॉल, विजेचे पॅनेल असतात. पायऱ्यापायऱ्यांच्या प्रत्येक कोपऱ्यात पाणी थांबायला जागा. शिवाय काँक्रीट उन्हात वाढतं, थंडीत आकसतं. शंभर मीटर लांबीच्या गॅलरीत, ४० अंशांचा फरक पडला तर हा बदल साधारण चार सेंटिमीटरचा होतो. त्यासाठी मुद्दाम सांधे ठेवतात आणि ते रबरासारख्या पदार्थानं भरतात. हा पदार्थ उन्हानं कडक होतो, चिरतो आणि गळती सुरू होते. बर्फाळ प्रदेशात आणखी एक दुखणं असतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे भेगेत शिरलेलं पाणी दर हिवाळ्यात ती भेग थोडी रुंद करून जातं.

खरा घाव मात्र आत, सळईवर बसतो. ताजं काँक्रीट अतिशय अल्कधर्मी असतं, त्याचा सामू (pH) १२.५च्या पुढे. या वातावरणात सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर बसतो आणि लोखंड गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागातून आत झिरपतो, काँक्रीटमधल्या चुन्याशी त्याची अभिक्रिया होते आणि सामू ९च्या खाली उतरतो. सामू उतरलेल्या भागाची ही सीमा सळईपर्यंत पोचली की कवच गेलं. मग ओलावा आणि प्राणवायू मिळाला की गंज चढतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असतं. सळई आतून फुगते आणि काँक्रीट तडकतं, कारण ताण सहन करण्याची त्याची ताकद दाब सहन करण्याच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतकी असते. मुंबईच्या जुन्या इमारतींत छताचे पोपडे पडून लालसर सळ्या दिसू लागतात, ते हेच. समुद्राच्या हवेतलं क्षार तिथे हे काम आणखी लवकर उरकतं. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला लावतात ते उगाच नाही.

कार्बन डायऑक्साइडची ही आगेकूच काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. पहिला सेंटिमीटर पार करायला समजा दहा वर्षं लागली, तर दोन सेंटिमीटरला चाळीस लागतील आणि तीनला नव्वद. सळईवर तीन सेंटिमीटरचं कव्हर, म्हणजे काँक्रीटचं आवरण, ठेवायचं असताना गवंड्यानं एकच ठेवलं, तर नव्वद वर्षांचं आयुष्य दहावर येतं! माझ्या मते बांधकामातली ही सर्वांत महागडी चूक आहे, आणि ती उद्घाटनाच्या दिवशी कुणालाही दिसत नाही.

याला पैशांचंही एक गणित आहे. डच अभियंते डी सिटर यांनी १९८४ मध्ये 'पाचांचा नियम' मांडला. बांधताना एक डॉलर वाचवला, तर गंज सुरू होण्याआधी देखभालीला पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीला पंचवीस आणि नुकसान पसरल्यावर सव्वाशे डॉलर लागतात. आकडे ढोबळ आहेत, पण टप्पे अचूक आहेत. शहराच्या अर्थसंकल्पात रस्ते, शाळा, सांडपाणी यांच्या रांगेत स्टेडियमच्या गळक्या सांध्यांचा नंबर शेवटचा लागतो. पाच डॉलरचं काम पुढच्या वर्षावर ढकललं जातं आणि कालांतरानं पंचवीसचं होऊन समोर येतं.

मॅकॉयचं नूतनीकरण नव्वदच्या दशकाच्या शेवटी झालं होतं, आसनं दहा हजारांवर नेली होती. तरी २०१७ च्या अभ्यासानं दुरुस्तीचा अंदाज ६ कोटी ८० लाख डॉलर दिला, आणि त्याच जागी नवं बांधायचा ७ कोटी ८० लाख. दोन आकडे इतके जवळ आले की जुन्याची बाजू लंगडी पडते. संघ २०२१ मध्ये शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरला गेला. २०२० चा हंगाम कोविडमुळे झालाच नाही, त्यामुळे गावाला निरोपाचा सामनाही मिळाला नाही. याची हळहळ मला दुरूनही वाटते. तिथली मुलं दुधाचे रिकामे कॅन कापून, त्यात चेंडू आणि पेन ठेवून दोरीनं खाली खेळाडूंकडे सोडायची आणि सही झाली की वर ओढायची. गॅलरी डगआउटच्या, म्हणजे मैदानाकडेला खेळाडू बसतात त्या जागेच्या, अगदी माथ्यावर होती म्हणून हे जमायचं.

सगळीच जुनी स्टेडियमं अशी जात नाहीत. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराच्या मालकीचं रिकवुड फील्ड १९१० सालचं आहे. व्यावसायिक संघ १९८७ नंतर तिथून गेला, पण स्वयंसेवकांनी ते राखलं आणि जून २०२४ मध्ये तिथे मेजर लीगचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा, सामना झाला. अलाबामाचा सौम्य हिवाळाही त्याच्या बाजूनं आहे. इंडियानापोलिसच्या बुश स्टेडियमचं २०१३ मध्ये निवासी संकुल झालं, मधलं मैदान हिरवं ठेवून भोवती घरं. पॉटकेटनं तिसरा मार्ग घेतला. २०२२ मध्ये मतदारांनी ३३ कोटी डॉलरांच्या कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि मॅकॉयच्या जागी शहराचं एकत्रित हायस्कूल बांधायचं ठरलं. मला हा निर्णय पटतो. वर्षातले सत्तर-बहात्तर दिवस वापरात येणाऱ्या वास्तूपेक्षा रोज भरणारी शाळा गावाच्या जास्त उपयोगाची.

जमीन मात्र तीच आहे. शाळेच्या अभियंत्यांनाही आधी हॅमंड पाँडच्या मातीचाच विचार करावा लागणार. तिकडे वूस्टरमध्ये संघ खेळतो ते नवं स्टेडियमही शहराच्याच मालकीचं आहे, आणि तिथल्या काँक्रीटमध्ये कार्बन डायऑक्साइडचा पहिला सेंटिमीटर सुरू झाला आहे.