नॅशनल सायन्स बोर्ड आलं कुठून?

अमेरिकेत पीएचडी करणाऱ्या आपल्या कितीतरी मुलामुलींचा स्टायपेंड गाईडच्या एनएसएफ ग्रँटमधून निघतो, त्यामुळे नॅशनल सायन्स फाउंडेशन (एनएसएफ), म्हणजे संशोधनाला पैसा देणारी अमेरिकी सरकारी संस्था, हे नाव बऱ्याच घरांत माहितीये, पण तिची धोरणं ठरवणाऱ्या नॅशनल सायन्स बोर्डाबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

रडार, पेनिसिलिन, अणुबॉम्ब, युद्धात सरकारी पैशाने काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. जुलै १९४५ मध्ये युद्धकाळात सरकारी संशोधनाचे प्रमुख असलेले व्हॅनेव्हर बुश यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रुमनना रिपोर्ट दिला की शांततेतही मूलभूत संशोधनाला सरकारनेच पैसा द्यावा. खरं भांडण पुढे झालं, पैसा वाटायचा कोणी? बुश म्हणत शास्त्रज्ञांनी, सिनेटर हार्ली किलगोर म्हणत पैसा लोकांचा आहे तर वरचा माणूस लोकांना जबाबदार हवा. १९४७ मध्ये फाउंडेशन काढायचं बिल पास झालं, पण त्यात डायरेक्टर निवडायचा हक्क राष्ट्राध्यक्षांकडे नव्हताच, म्हणून ट्रुमननी व्हेटो केला. तीन वर्षं गेली खरी, तरी मला त्यांचं बरोबरच वाटतं.

शेवटी १० मे १९५० ला फाउंडेशन आणि त्याचं बोर्ड उभं करणारा कायदा झाला. बोर्डात २४ मेंबर आणि डायरेक्टर, सगळ्यांना राष्ट्राध्यक्षच नेमणार, मेंबरची मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी एक-तृतीयांश जागा नव्याने भरायच्या म्हणजे जुनी जाणती माणसं टिकतात. डायरेक्टर पदसिद्ध मेंबर असतो, २०१० ते २०१३ मध्ये त्या खुर्चीवर मुंबईत जन्मलेले सुब्रा सुरेश होते. पहिली मीटिंग डिसेंबर १९५० मध्ये व्हाइट हाउसला झाली, आणि पहिल्या वर्षी हातात फक्त सव्वादोन लाख डॉलर!

१९५७ ला रशियाचा पहिला उपग्रह स्पुटनिक उडाला आणि बजेट भराभर वाढलं, शाळेतल्या विज्ञानालाही पैसा आला. पण १९८० नंतर एनएसएफच्या शिक्षणाच्या खर्चाला मोठी कात्री लागली, तेव्हा बोर्डाने गप्प न बसता शालेय गणित-विज्ञानावर कमिशन नेमलं, त्याचा रिपोर्ट १९८३ मध्ये आला. बोर्डाचं हे काम मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण लॅबमध्ये पोचणारी पोरं शेवटी शाळेतूनच येतात ना.

देशातल्या विज्ञानाची आकडेवारी दर दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेसपुढे (अमेरिकेची संसद) ठेवायचं कामही बोर्डाकडेच आहे. आणि १९९७ मध्ये बोर्डाने ग्रँटच्या अर्जांसाठी दोन निकष ठरवले, एक म्हणजे विज्ञान किती दमदार आहे आणि दुसरा समाजाला त्याचा काय उपयोग, हा दुसरा मला किलगोरांच्या जुन्या म्हणण्याच्या अगदी जवळचा वाटतो.