लगतधारक सूचना (झोनिंग)

जमिनीचा वापर बदलणे, बांधकाम नियमांतून सवलत मिळवणे यांसारख्या अर्जांवर निर्णय होण्यापूर्वी आसपासच्या मिळकतींच्या मालकांना कळविण्याची पद्धत. तिचा विस्तार मुख्यतः अमेरिकेच्या झोनिंग (शहराचे विभाग पाडून प्रत्येकातील जमिनीचा वापर व बांधकाम ठरविणाऱ्या) कायद्यांत झाला.

पद्धतीचे मूळ दोन ठिकाणी शोधता येते. एक, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीतील (1868) रीतसर प्रक्रियेची हमी : ज्याच्या मालमत्तेला झळ पोचणार, त्याला आधी कळले पाहिजे. दुसरे मूळ अधिक स्थानिक आहे. झोनिंगपूर्व काळात काही शहरांचे नियम शेजाऱ्यांची नुसती माहिती नव्हे, तर लेखी संमतीच मागत. शिकागोत निवासी भागात जाहिरातफलक उभारण्यासाठी रस्त्यालगतच्या निम्म्याहून अधिक दर्शनी लांबीच्या मालकांची संमती लागे; हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये उचलून धरला. मात्र सिएटलमध्ये वृद्धाश्रमासाठी 400 फुटांच्या आतील दोन-तृतीयांश मालमत्तेच्या मालकांची संमती मागणारी अट त्याच न्यायालयाने 1928 मध्ये रद्द केली. दोन मुळांपैकी हे दुसरे, म्हणजे संमती मागे पडून सूचना व हरकत उरली, ही मांडणी अधिक पटण्याजोगी वाटते. अर्थात हा बदल 1928 च्या निकालानेच घडला असे म्हणता येत नाही. न्यूयॉर्कच्या 1916 च्या झोनिंग ठरावातच 20 टक्के दर्शनी लांबीच्या मालकांनी हरकत घेतल्यास बदलासाठी निर्णय घेणाऱ्या मंडळाच्या एकमताची अट होती. अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने 1920 च्या दशकात तयार केलेल्या आदर्श झोनिंग अधिनियमातही 20 टक्क्यांची हरकत आहे. तेथे ती ओलांडण्यास तीन-चतुर्थांश मते पुरतात. झोनिंगच्या नियमांवरील सुनावणीसाठी हा मसुदा वृत्तपत्रातील 15 दिवसांची जाहीर नोटीस पुरेशी मानतो. घरोघरी टपालाने पत्र पाठविणे ही पुढे राज्यांनी आणि शहरांनी घातलेली भर होय.

कॅलिफोर्नियात नियमांतून सवलतीसारख्या अर्जांच्या सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी 300 फुटांच्या (सु. 91 मी.) आतील मालकांना पत्र जाते. अंतर मोजायचे ते मिळकतीच्या हद्दीपासून, नियोजित इमारतीपासून नव्हे. त्यामुळे मोठ्या भूखंडाच्या एका कोपऱ्यात छोटे काम असले, तरी पलीकडच्या टोकाच्या शेजाऱ्यालाही पत्र येते. नावे करआकारणीच्या ताज्या यादीवरून घेतात. भाडेकरू त्या यादीत नसतो. यादी हजारावर गेल्यास वृत्तपत्रात किमान एक-अष्टमांश पानाची जाहिरात चालते. पत्र एखाद्याच्या हाती पडले नाही, एवढ्यावरून निर्णय रद्द होत नाही. तथापि हॉर्न विरुद्ध व्हेंचुरा काउंटी (1979) या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींत कागद चिकटवणे आणि मागेल त्याला प्रत पाठविणे अपुरे ठरविले. प्रश्न चार तुकड्यांत वाटल्या जाणाऱ्या एका भूखंडाचा होता.

इंग्लंडमध्ये साधारण अर्जासाठी जागेवर 21 दिवस फलक लावतात किंवा लगतच्या मालकाला वा रहिवाशाला कळवितात. येथे रहिवासी गणला जातो, हा फरक लक्षणीय आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मधील बांधकाम परवानगीच्या कलमांत शेजाऱ्याला नोटीस देण्याची पायरी नाही. कलम 37 खालील आराखड्याच्या किरकोळ फेरबदलात मात्र जाहीर हरकती-सूचनांबरोबर बाधित व्यक्तींना नोटीस व सुनावणी द्यावी लागते. भूमी अभिलेख खात्याची मोजणीची नोटीस लगतधारकांना येते ती हद्द दाखविण्यापुरती; शेजारी काय बांधणार, हे तीवरून कळत नाही.