भागोजी नाईक यांची डोंगरी लढत (१८५७–५९)

१८५७ च्या उठावकाळात सिन्नर परिसर व लगतच्या अहमदनगर जिल्ह्यातील डोंगराळ पट्ट्यात भिल्लांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेली सशस्त्र लढत. नेते नांदूर-शिंगोटे गावचे भागोजी नाईक. ते आधी अहमदनगर पोलिसांत अंमलदार होते. पुढे १८५५ मध्ये दंग्याच्या आरोपाखाली त्यांना कैद झाली. सुटून आल्यावर सरसकट शस्त्रे काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्यांनी गाव सोडले.

गनिमी कावा या मुलखाला नवा नव्हता. पण त्याचा जुना आधार, म्हणजे किल्ला, उरला नव्हता. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडला आणि पाठोपाठ आसपासचे अनेक गड इंग्रजांच्या हाती गेले. कॅप्टन ब्रिग्जने कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. तेव्हा भागोजींनी गडाऐवजी वाटेचा आधार घेतला. सुमारे पन्नास माणसांनिशी ते गावापासून मैलभरावर, पुणे-नाशिक रस्ता टप्प्यात राहील अशा जागी बसले. शरण येण्याचा निरोप आला तेव्हा त्यांनी दोन वर्षांचा थकलेला पगार आणि पुढच्या निर्वाहाची सोय मागितली. एवढ्यावरून हे बंड केवळ पोटासाठी होते असे ठरवणे घाईचे होईल. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री चालून गेला आणि गोळी लागून मेला. भिल्ल मागे हटले, पण बातमीने सारा भिल्ल मुलूख पेटला. पंधरवड्यातच समशेरपूरच्या डोंगरात पुन्हा चकमक झडली.

निजामाची हद्द जवळ असल्याने कवायती फौज सरहद्दीवर आणि मोठ्या गावांच्या बंदोबस्तात अडकली. डोंगरातले काम मुख्यतः पोलिसांवर पडले. उठावकऱ्यांची खरी उणीव मेळाची होती. डिसेंबर १८५७ मध्ये त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला, हरसूलचा बाजार लुटला गेला, पेठ संस्थानच्या राजघराण्यातले भगवंतराव पुढे फासावर गेले. पण पश्चिमेकडचा हा उठाव आणि सिन्नरकडची लढत एका सूत्रात आली नाही.

इंग्रजांनी अखेर डोंगरी माणसांवर डोंगरी माणसेच घातली. कॅप्टन नटॉलने डोंगरातल्या कोळी जमातीची स्वतंत्र पलटण उभारली. म्होरक्या जावजी नाईक बांबळे. हिरवी पागोटी, ना तंबू ना बोजे. शिधा-सामान प्रत्येकाच्या पाठीवर. चढणीला ही माणसे घोड्यांनाही मागे टाकत. ज्या कोळ्यांच्या बंडखोर नेत्याला, राघोजी भांगरेला, १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिले, त्यांच्यातूनच ही भरती झाली.

नोव्हेंबर १८५९ मध्ये पोलीस अधिकारी फ्रँक सूटरने सिन्नर तालुक्यातील मिठसागरेजवळ भागोजींना गाठले. त्या लढाईत ते पडले. कोळी पलटण मार्च १८६१ मध्ये मोडण्यात आली.